वकीलबाई आणि माझं सुवाच्य अक्षर

चि. रेवा आणि चि. ईशान,

तुम्ही मराठी वाचता, पण दमादमानं, हे मला ठाऊक आहे. हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर तुमचं काम सोपं झालं असतं. चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते जडही गेलं नसतं. पण माझ्या इंग्रजीत सगळीच माणसं सभ्य होऊन जातात, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना ते मुळीच चालणार नाही. तेव्हा मराठीतच वाचा. अडलात तर आईला विचारा, आणि तिलाही अडलं तर मला फोन करा.

आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. गेल्या महिन्यात रेवानं फोनवर तिच्या शाळेतल्या प्रकल्पाबद्दल सांगितलं. तिकडच्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी कोर्टात भांडलेल्या वकिलांवर तिला लिहायचं होतं. शेवटी तिनं विचारलं, "आजी, तुमच्याकडे असे वकील आहेत?" आणि मी चटकन म्हणाले, "अगं, आपल्याकडे तसला प्रकार नाही." पलीकडे खुर्चीत बसलेले तुमचे आजोबा खोकले. त्यांना सर्दी नव्हती.

रेवा, मी तुला खोटं सांगितलं. त्या क्षणी ते मला खरंच वाटत होतं, आणि ते जास्त वाईट आहे. ज्यांनी माझी ही सवय मोडायला पाच वर्षं घालवली त्या सुजाता गजभिये वकीलबाई आपल्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होत्या. तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा जिन्यात ज्यांनी तुम्हाला भाजलेले चणे दिले, त्याच. ईशाननं ते खिशात भरले आणि पँट धुवायला टाकली, म्हणून माझ्या चांगल्या लक्षात आहे.

त्या आमच्याकडे आल्या त्याचीच गोष्ट आधी सांगते, कारण त्यात मी पहिल्याच वाक्याला नापास झाले.

पिपरी मेघेचं हे घर बांधल्यावर वरचा मजला आम्ही भाड्यानं द्यायचं ठरवलं. भाडेकरू कसा निवडायचा याची मी एका वहीत यादी केली होती, हे तुम्हाला सांगायला नको. एका दुपारी पन्नाशीच्या एक बाई आल्या. उंच, सावळ्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि काळा कोट उलटा घडी करून हातावर टाकलेला. वकील आहे म्हणाल्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "आपलं पूर्ण नाव? आणि मूळ गाव कोणतं म्हणायचं?"

त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "गाव हिंगणघाटच्या अलीकडं. आडनाव गजभिये. बौद्ध. मटण रविवारी करतो, बाकी दिवस वरण-भात. आणखी काई इचाराचं राह्यलं का?"

(आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. मी आयुष्यभर त्याला चूक म्हणत आले.)

मी गडबडले. "छे हो, आम्ही असलं काही मानत नाही," म्हणाले.

"मानत नाई, तं इचारलं काऊन?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. कोर्टात साक्षीदाराला विचारावं तसं खरंखुरं उत्तर हवं होतं त्यांना. मी पेल्यात आणखी पाणी ओतलं. आजोबा आतून बाहेर आले आणि म्हणाले, "कधी येता राहायला?" घराचे निर्णय मी घेते असं तुम्हाला वाटतं, पण महत्त्वाचे दोन-तीन असेच माझ्या परस्पर झालेले आहेत.

राहायला आल्यावर पहिल्या रविवारी मी त्यांना चहाला बोलावलं. चांगलं वागायचं ठरवलं की मी फार चांगलं वागते. काचेच्या कपाटातला सोनेरी कडेचा सेट काढला, जो आम्ही तुमच्या आईच्या लग्नानंतर वापरला नव्हता. वकीलबाईंनी कप उचलला, फिरवून पाहिला, मग आजोबांच्या हातातल्या कान तुटलेल्या कपाकडे पाहिलं.

"मॅडम, मले असाच घरचा द्या."

"अहो, पाहुण्यांना…"

"माह्या आईले मालकाच्या घरी येगळा कप राहे. वळचणीले खोचून ठेवत. हा तुमचा कप लई सुंदर हाय, पण हाही येगळाच हाय ना जी."

मी उठून स्टीलचा पेला आणला. त्या दिवशी मी मनात म्हटलं, किती संवेदनशील असतात ही माणसं. 'ही माणसं' हे शब्द मनातल्या मनात उच्चारतानाही मला काही खटकलं नाही. ते खटकायला पुढची दोन वर्षं गेली.

रविवारी वरून मटणाचा वास यायचा. माहेरच्या वळणामुळे मी आपल्या स्वयंपाकघरात ते कधी शिजू दिलं नाही. तुमच्या आजोबांना मात्र नेमकी रविवारी दुपारीच वरचे नळ गळतात का ते पाहायची आठवण व्हायची. तासाभरानं ते पोटावरून हात फिरवत उतरायचे आणि सांगायचे, "नळ ठीक आहेत."

वकीलबाईंचं काम कसलं, तर लोकांना त्यांच्या जातीमुळे कुणी अडवलं, हाकललं, शिवी दिली, की ती माणसं त्यांच्याकडे यायची. कुणाला गावच्या स्मशानात प्रेत जाळू दिलं नाही. कुणाच्या वरातीतल्या घोड्यावरून नवरदेवाला उतरवलं. कुणाला सलूनमध्ये बसू दिलं नाही. रेवा, तुझ्या प्रकल्पातली माणसं बसमधल्या जागेसाठी भांडली, ही माणसं पाण्याच्या टाकीवरच्या नळासाठी. कायदे आहेत, चांगले कडक आहेत, पण कायद्याच्या कागदापासून पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंतचं अंतर वकीलबाई रोज पायी चालायच्या. फी मिळाली तर घ्यायच्या, नाहीतर कोहळं किंवा तुरीच्या शेंगा घ्यायच्या. त्यातल्या निम्म्या शेंगा मीच सोलल्या आहेत.

कोर्टातले वकील त्यांना चिडवायचे. एकदा त्यांचा डबा विसरला म्हणून मी द्यायला गेले होते, तेव्हा वकिलांच्या बार रूमच्या दारातच एक तरुण वकील त्यांना म्हणत होता, "ताई, तुम्ही जातीच्याच केसेस का घेता हो सगळ्या?"

"तुमी लोकं बंद करा ना भाऊ," त्या म्हणाल्या, "मंग मीबी घटस्फोटाच्या घेतो. त्यात पैसा हाय."

सगळे हसले, तोही हसला. त्यांच्या बोलण्यावर हसून झाल्यावर माणसाला कळायचं की आपल्याला काहीतरी लागलं आहे.

अशिलाकडून हकीकत काढून घ्यायची त्यांची एक पद्धत होती. प्रत्येकाला तीनदा सांगायला लावायच्या. "पह्यले रडून घे. मंग चिडून सांग. तिसऱ्यांदा जे सांगशीन ते मी लिवतो." पहिल्या दोन वेळा पेनला हातही लावायच्या नाहीत, चणे खात ऐकायच्या. तिसऱ्या वेळी माणूस दमलेला असायचा, आवाज सपाट झालेला असायचा, आणि मग बारीकसारीक गोष्टी बाहेर यायच्या: कोण कुठं उभं होतं, हातात काय होतं, ऊन कोणत्या बाजूनं होतं. मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. मी परीक्षेचे पेपर एका वाचनात तपासलेली बाई.

निवृत्त झाले आणि मला करायला काही उरलं नाही. वकीलबाईंच्या खोलीत कागदांचे ढीग बघून माझे हात शिवशिवायचे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत फायली भरलेल्या, पोत्यांवर खडूनं काहीतरी खुणा. "तुम्ही पुण्याला कार्यशाळेला जाताय ना, तेवढ्यात मी हे लावून ठेवते," मी म्हटलं. त्यांनी नको म्हणायच्या आत किल्ली घेतली. चार दिवस खपून मी सगळ्या फायली आडनावांप्रमाणे लावल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी, सुवाच्य अक्षर. आल्यावर त्या दारातच थांबल्या आणि एकेक चिकटपट्टी वाचत राहिल्या. मला वाटलं भारावल्या.

"मॅडम, आता मी आर्वीले जाईन कशी?"

त्यांच्या फायली बसच्या रस्त्यांप्रमाणे लावलेल्या होत्या. आर्वी रस्त्यावरची गावं एका पोत्यात, हिंगणघाट रस्त्याची दुसऱ्यात, देवळीची तिसऱ्यात. एकाच्या तारखेसाठी निघाल्या की त्याच बसच्या वाटेवर उतरून आणखी तिघांना भेटून यायच्या. साक्षीदाराला धीर दे, एखाद्याचा राहिलेला अंगठा घे. माझ्या व्यवस्थेत आर्वी रस्त्यावरच्या रोहण्याचा माणूस हिंगणघाटच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसला होता, कारण दोघांचंही आडनाव एकच. पुढचे आठ दिवस आम्ही दोघींनी मिळून माझी व्यवस्था मोडली. त्या एकदाही रागावल्या नाहीत. फक्त अधूनमधून एखादी फाईल हातात घेऊन म्हणायच्या, "अक्षर लई सुंदर हाय पण."

त्या अक्षरानंच घात केला. आता ती गोष्ट.

आर्वीकडचं एक गाव. नाव लिहीत नाही, तिथं आपलं नातं आहे. तिथल्या शाळेत मुलांना दुपारची खिचडी शिजवायला बेबी नावाच्या एका बाईला नेमलं. नवरा नाही, दोन मुली, त्यातली एक त्याच शाळेत. खिचडीच्या कामाचा पगार तो काय, पण रोजमजुरीच्या उन्हापेक्षा सावलीतलं काम, आणि मुलगी डोळ्यांसमोर. बेबी बौद्ध. दोन दिवस मुलं जेवली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या समितीचे अध्यक्ष दोघांना घेऊन आले. मुलं ओसरीवर जेवत होती. अध्यक्षांनी त्यांच्या हातांतली ताटं ओढली, खिचडीचा गंज, म्हणजे पातेलं, लाथ मारून नालीत उलटवला, आणि सगळ्यांसमोर, तिच्या मुलीसमोर, बेबीला उद्देशून जातीवरून एक शब्द वापरला. आठवड्याभरात समितीनं ठराव केला की मुलांना स्वयंपाक आवडत नसल्यामुळे बाई बदलावी.

बेबी आली त्या दिवशी वकीलबाईंची नागपूरला हायकोर्टात तारीख होती. पायात चपला घालताघालताच त्यांनी तिची हकीकत दोनदा ऐकली, रडून आणि चिडून. "मॅडम, तिसऱ्यांदा तुमी ऐका. हे जसं सांगते तसंच लिवजा. एक अर्ज पोलिसायले, एक जिल्हा परिषदेले. उद्याच द्या लागते, लांबवलं तं मनतीन, एवढ्या दिसानं काऊन आली." आणि त्या गेल्या.

मी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कागद घेतला, समास सोडला आणि लिहायला बसले. बेबी सांगत होती, मी लिहीत होते. ती म्हणाली, "अध्यक्षानं लेकरायच्या हातातली ताटं हिसकली." मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी भोजन ग्रहण केले नाही.' ती म्हणाली, "गंजाले लाथ मारली." मी लिहिलं, 'शिजवलेले अन्न वाया गेले.' मग तिनं तो शब्द सांगितला, मान खाली घालून. माझा पेन थांबला. असला शब्द या टेबलावर कधी बोलला गेला नव्हता. मी लिहिलं, 'व अनुचित उद्गार काढण्यात आले.'

मी स्वतःला सांगितलं की हे सभ्यपणामुळे आहे. अध्यक्ष म्हणजे आजोबांच्या मावसबहिणीचे जावई, ही गोष्ट मला लिहिताना माहीत होती. तिचा आणि माझ्या शब्दांच्या निवडीचा काही संबंध नाही, असंही मी स्वतःला सांगितलं.

अर्ज वाचून दाखवला. "लई चांगलं लिवलं जी मॅडम," बेबी म्हणाली. तिला त्यातलं अर्धंही कळलं नसावं. इतक्या देखण्या कागदावर आपलं दुःखही नीटच लिहिलं असेल, असं तिला वाटलं असेल. तिनं सही केली. वकीलबाई संध्याकाळी थकून आल्या, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कागद न वाचता पाठवला. माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून.

तीन आठवड्यांनी जिल्हा परिषदेत चौकशी लागली. मी उत्साहानं गेले होते, मागच्या बाकावर. चौकशी अधिकाऱ्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला आणि बेबीला म्हणाले, "बाई, तुमच्याच अर्जात लिहिलंय की विद्यार्थ्यांनी जेवण घेतलं नाही. मग अध्यक्षांनी काय केलं?" अध्यक्ष हात जोडून उभे राहिले. "साहेब, पोट्ट्यायनंच खाल्लं नाई तं मी का करू? मी तं समजावाले गेलतो." बेबी म्हणाली, नाही, ताटं हिसकली, शिवी दिली. "मग ते अर्जात का नाही? आता वकिलांनी शिकवलं का?" बेबीनं वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मॅडमनं लिहिलं आहे, मॅडम सांगतील, अशा नजरेनं. मी चष्मा पुसायला घेतला.

पोलिसांनीही त्यांच्याकडचा तसाच अर्ज दाखवून सांगितलं की यात गुन्हा काही दिसत नाही.

त्या संध्याकाळी वकीलबाई माझ्या टेबलाशी बसल्या आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं आता बोलतील, तर त्यांनी आधी चहा संपवला.

"मॅडम, ह्यात मले अध्यक्ष दाखवा."

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. अध्यक्ष कुठेच नव्हते. मुलांनी खाल्लं नव्हतं, अन्न वाया गेलं होतं, उद्गार काढण्यात आले होते. सगळं जणू हवेनं केलं होतं.

"मला वाटलं, इतकं घाण कसं लिहायचं," मी म्हटलं.

"घाण तुमी नाई केली. तुमी फक्त पुसली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आन् ते तुमचे पाव्हणे होत, हे मले आज कळलं."

मी रिकामे कप एकात एक घातले. आजोबाही खोकले नाहीत.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"कागद बदलता येत नाई. लिवणाऱ्याले बोलावता येते."

मला वाटलं त्या गंमत करताहेत. "मी? तिथं? सगळ्यांसमोर काय सांगू?"

"तिनं काय सांगतलं होतं, अन् तुमी काय लिवलं. बस." त्या उठल्या, पिशवीतून चणे काढून टेबलावर ठेवले. "चला. पह्यले रडून घ्या."

विश्वास ठेवा, मी खरंच रडले. दुसऱ्यांदा चिडले, स्वतःवर चिडायचं होतं ते सोडून त्यांच्यावरच. तिसऱ्यांदा सांगताना तो शब्द आला आणि मी अडखळले. त्या म्हणाल्या, "तारीख पंधरा दिसानं हाय. म्हणत राहा." मग पंधरा दिवस मी तो शब्द म्हणायचा सराव केला. चौतीस वर्षं पोरांना वक्तृत्व शिकवलं, शब्द पोटातून आला पाहिजे म्हणून ओरडले, आणि आता मागच्या अंगणात तुळशीकडे पाठ करून पुटपुटत होते. एकदा जरा मोठ्यानं निघाला. झाडांना पाणी घालणाऱ्या आजोबांच्या हातातून पाइप सुटला आणि शेजारच्या वाळत घातलेल्या पापडांवर पाणी गेलं. त्या शेजारणीला मी अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

चौकशीच्या दिवशी अध्यक्ष दारातच भेटले. "मामी, तुमी इथं काऊन?"

"साक्षीला," मी म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, त्यांच्या बाजूनं.

आत मी उभी राहिले, आणि चष्मा काढून ठेवला, म्हणजे चेहरे दिसायला नकोत. सांगायला सुरुवात केली. ताटं ओढली, गंज लाथाडला, मुलं जेवत होती, त्यांनी नको म्हटलं नव्हतं. अधिकारी म्हणाले, "मॅडम, नेमका कोणता शब्द वापरला असं अर्जदारानं तुम्हाला सांगितलं होतं?"

मी सांगितला.

कोपऱ्यातला टंकलेखक थांबला होता. अधिकारी म्हणाले, "पुन्हा सांगा. यांनी घेतला नाही." त्यानं ऐकला होता, घ्यायला धजत नव्हता. माझाच भाऊबंद. मी पुन्हा सांगितला, या वेळी पोटातून, आणि मग टाइपरायटरच्या कळा वाजल्या.

अध्यक्षांचे वकील उठले. "मॅडम, आपण प्राध्यापिका. इतकं सगळं आपल्याला सांगितलं होतं, तर लिहिलं का नाही? ते बदललं का?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"कोण चांगलं दिसावं म्हणून?"

वकीलबाईंनी माझ्याकडून याची तयारी करून घेतली नव्हती. "मी," असं म्हणाले. नंतर वाटलं, उत्तर अपुरं होतं, म्हणून पुढे बोलले, "आणि आमचे पाहुणे." वकील बसले. त्यांना आणखी विचारायचं नसावं.

बाहेर आल्यावर मी चष्मा उलटा चढवला. बेबीनं मला पायरीवर बसवलं, बाटलीतलं पाणी पाजलं. "मॅडम, तुमी तं लई भेल्या जी," ती म्हणाली. "एका शब्दाले." ती मला धीर देत होती. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, इतकी मी स्वतःच्या शौर्यात गढले होते. घरी पोचल्यावर आठवलं, तो शब्द माझ्यासाठी नव्हताच.

अध्यक्षांकडच्या लोकांनी आमच्याशी संबंध तोडले. त्यांच्या घरच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. आजोबांना फक्त तिथल्या वांग्याच्या भाजीचं वाईट वाटलं.

चार महिन्यांनी आदेश आला, समितीचा ठराव रद्द, बेबीला कामावर घ्यावं. मी वकीलबाईंना मिठी मारायला गेले तर त्या आदेशाचा मागचा कागद वाचत होत्या, त्यात काही राहिलं तर नाही ना म्हणून. पोलिसांनीही माझ्या साक्षीची नक्कल जोडल्यावर गुन्हा नोंदवला. बेबी रुजू झाली त्या दिवशी वकीलबाई मला घेऊन शाळेत गेल्या. मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसल्या, ताट पुढे घेतलं. मी उभीच. "माझे गुडघे…" मी म्हटलं.

"गुडघ्याचं नाव सांगून पंगत चुकवणारे मी लई पाह्यले," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले. खिचडीत मीठ कमी होतं. वकीलबाईंनी ते बेबीला तोंडावर सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. परत उठताना मला दोन मुलांनी धरून उठवलं, कारण गुडघे खरंच दुखतात. ते कुणी मानत नाही, तो भाग वेगळा.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी आणखी पुष्कळ अर्ज लिहिले. प्रत्येक वेळी त्या वाचायच्या, पेनानं एखाद्या ओळीखाली रेघ मारायच्या आणि विचारायच्या, "हे तिनं सांगतलं का तुमी?" बहुतेकदा मीच असायचे.

मागच्या चैत्रात एका सकाळी त्यांची हिंगणघाटला तारीख होती. दोन दिवस छातीत जड वाटतंय म्हणत होत्या, मी म्हटलं आज राहू द्या. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी पिशवीत हात घालून काहीतरी शोधलं, सापडलं नाही, आणि ते सोडून दिलं. ऊन फार होतं. काळा कोट डोक्यावर घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या. भरलेल्या ऑटोत शेवटची जागा होती, ड्रायव्हरच्या शेजारची, अर्धी. त्यानं काहीतरी म्हटलं, त्या हसल्या आणि एक पाय बाहेर ठेवून बसल्या. वळणापर्यंत तो पाय दिसत होता. दुपारी हिंगणघाटच्या कोर्टातून आजोबांच्या फोनवर फोन आला. तारखेचं काम पूर्ण करून वकीलबाई बाकावर बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत.

बेबीला म्हटलेला तो शब्द या पत्रात लिहू का, असं मी तिला विचारलं. या वेळी ठरवणारी मी नसावी, एवढं शिकले आहे. ती म्हणाली, "लेकरायले कायले जी. साहेबाले सांगतला, तेवढा पुरे." म्हणून लिहिला नाही.

अध्यक्षांवरचा खटला अजून चालू आहे. बार रूमच्या दारात वकीलबाईंना चिडवणारा तो तरुण वकील आता बेबीच्या बाजूनं सरकारी वकिलांना मदत करतो. अक्षर वाईट आहे त्याचं, पण बेबी सांगते ते सगळं लिहितो. वकीलबाईंची सिमेंटची पोती त्यानं नेली. बेबी त्याच शाळेत स्वयंपाक करते, आणि अध्यक्षांचा नातू यंदा पहिलीत गेला, तो तिच्या हातचं जेवतो.